देवळात मी घेतलेलं नाव

आये,

उद्या सकाळी रवळनाथाच्या देवळात तुझ्या नावाचा नारळ ठेवायचा आहे. तुझ्या नावाचा म्हणजे तुझ्यासाठी नव्हे, तुझ्याविरुद्ध. तू माझ्या पोराच्या वाटेला जाऊ नयेस, तिन्हीसांजेला आमच्या घराकडे फिरकू नयेस म्हणून. पोर पाच वर्षांचं होईस्तोवर दरवर्षी एक, असं देवाला बोललेलं आहे आणि हे दुसरं वर्ष. गुरव गाऱ्हाणं घालणार, तुझं नाव घेऊन 'हिचो जो काय उपद्रव आसात' म्हणणार, आणि मागे उभी असलेली आम्ही सगळी 'व्हय म्हाराजा' म्हणणार. गेल्या वर्षी मीही म्हटलं, चांगलं मोठ्यानं. तू जाऊन सोळा वर्षं झाली, ह्या गावात तुला पाहिलेलं माझ्याशिवाय कोणी नाही, तरी तुझं नाव इथल्या लोकांना ठाऊक आहे ते एवढ्याच कारणानं. सासरची माणसं म्हणतात, देवानं कौल दिला. देवापुढे नाव कोणी ठेवलं ते मला माहीत आहे. मी ठेवलं. उद्या मी गप्प राहिले तर तू अजून तीन वर्षं ह्या गावाचं भूत. बोलायचं तर मला सगळंच बोलावं लागेल, आणि तेच मला जमेल की नाही ह्याची खात्री नाही, म्हणून आधी तुझ्याजवळ बोलते.

मी मुळातच संशयी, आणि ते तुझंच देणं. बाजारात तू मासळीवाल्या बाईच्या तोंडाकडे कधी बघितलं नाहीस. ती कितीही 'आत्ताच होडीतसून काढलंय गो' म्हणाली तरी तू बांगडा उचलून मला म्हणायचीस, "कल्लो उघडून बघ. तांबडो आसलो तर घे, नायतर ठेव." शाळेला सुट्टी असली की मी तुझ्याबरोबर काजूच्या कारखान्यात यायचे. सोललेल्या गरांचा ढीग पुढ्यात, आणि तू बोलता बोलता नुसत्या बोटानं किडका गर बाजूला काढायचीस. मला वरून सगळे सारखेच दिसायचे. "वरसून गोरो दिसता म्हणान फसा नको," तू म्हणायचीस. बोटं तुझी कायम काळी, काजूच्या तेलानं साल गेलेली. तर आये, तुझी लेक शिकली ते बरोबर शिकली. ओरोसच्या कचेरीत कॉम्प्युटरवर बसते तिथेही माझी ख्याती आहे की ही बाई साहेबाच्या सहीचा कागदसुद्धा उलटून बघते. कचेरीत चालतं ते. घरात बाळंतीण संशयी झाली की काय होतं ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

आधी तुझा तो दिवस सांगते, कारण सगळं तिथून निघालं. मी नऊ वर्षांची, भाऊ अडीच महिन्यांचा. बाबा गोव्यात खाणीवर ट्रक चालवायचे, महिन्यातून एकदा घरी. भाऊ रोज दिवेलागणीला रडायला लागायचा तो मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन. तू त्याला घेऊन खळ्यात फेऱ्या मारायचीस, मग फेऱ्या मारणं सोडलंस, मग नुसती चुलीपुढे बसून राहायचीस आणि तो चटईवर रडायचा. त्या दिवशी तो दुपारपासूनच सुरू झाला होता. मी पाटीवर पाढे लिहीत होते. तू आलीस, त्याला माझ्या मांडीत जवळजवळ टाकलंस आणि म्हणालीस, "व्हर ह्येका. माझ्या नदरेसमोरना व्हर." मला घेऊन जा म्हणालीस, आणि चपला घालून स्वतःच निघून गेलीस. ओरडलीही नाहीस गं, ते मला जास्त लागलं. परतलीस ती दिवे लागून गेल्यावर. पदरात मालवणी खाजं होतं, माझ्यासाठी, कागदात बांधलेलं. मी म्हटलं, हं, म्हणजे पोर टाकून ही बाजारात मजा करायला गेली होती, आणि आता ही लाच. मी ते खाल्लं नाही. तूही आग्रह केला नाहीस. कुठे गेली होतीस, ते मी विचारलं नाही, शेजारणींनी विचारलं नाही, बाबांना तर कळलंच नाही. मी मात्र मनात लिहून ठेवलं: हिला रडणारं पोर खपत नाही. पुढे आठ वर्षं तू आमच्यासाठी राबलीस, काविळीनं पिवळी होऊन गेलीस, पण ते लिहिलेलं काही मी पुसलं नाही.

मला पोर झालं तेव्हा माहेरी न्यायला कोणी नव्हतं. बाबा आता भावाकडे गोव्यात. तिथे दोन पुरुषांत बाळंतपण काय होणार? म्हणून पहिलं बाळंतपण असून सासरीच राहिले. सासूनं सगळं केलं, खोटं नाही बोलणार. शेक, तेल, मेथीची पेज, काही कमी केलं नाही. पण तिसऱ्या आठवड्यात पोर रडायला लागलं आणि तेही नेमकं दिवेलागणीला. घड्याळ लावून घ्यावं असं. दिवसभर शहाणं, आणि बाहेर सावल्या लांबल्या की अंग ताठ करून, मुठी आवळून जे किंचाळायचं ते दोन-दोन, तीन-तीन तास. पाजलं तरी नाही, थोपटलं तरी नाही. पहिल्यांदा सासू म्हणाली, "पोटात वारो धरता. माझ्या झिलाकव असाच होयत होता." मग आठवडाभरानं तीच म्हणाली, "तिनसांजेकच कित्याक पण? दिवसा नाय, दुपारी नाय." आता तूच सांग, आपल्याकडे तिन्हीसांजेला रडणाऱ्या पोराबद्दल कोणी साधं बोलेल का? ती वेळच वाईट. त्या वेळी केस विंचरायचे नाहीत, उंबऱ्यावर बसायचं नाही, पोराला बाहेर न्यायचं नाही. सगळ्या वाडीनं एकमेकांकडे बघायला सुरुवात केली, आणि मी सगळ्या वाडीकडे.

माझा संशय कोणाकोणावर गेला ते लिहायला बसले तर कागद पुरायचा नाही. पहिली सासू. ती सहाणेवर बाळगुटी उगाळायची, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ. मला वाटलं, जायफळ जास्त उगाळते, पोराला गुंगी आणायला. ती मागच्या परड्यात गेली की मी सहाण हुंगून बघायचे, जिभेला लावून बघायचे. दुसरी मासळीवाली. दारात बसून ती म्हणाली होती, "झील गोरोपान आसा हां," आणि त्याच संध्याकाळी पोर जास्त रडलं. मी तिच्याकडून मासळी घेणं बंद केलं. तिसरा नवरा. तो मालवणात होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, सहाला सुटतो, पाऊण तासात घरी. पोर झाल्यावर तो साडेसात-आठला यायला लागला. कपड्यांना डिझेलचा वास नेहमीचाच, पण डोळे लाल. मी म्हटलं, झालं, बाई आहे. बाळंतपणात नवरे सुटतात असं ऐकलंच होतं. त्याचा मोबाईल तपासला, खिसे तपासले, काही सापडलं नाही, तेव्हा तर खात्रीच पटली. काही सापडत नाही म्हणजे हुशारीनं चाललंय. चौथं माझं दूध. काळं पडलंय, आंबलंय, काहीतरी झालंय त्याला. वाटीत काढून उजेडात धरून बघायचे. आणि आये, ह्या सगळ्यात मला पोराविषयी काय वाटत होतं विचारशील तर, काही नाही. ते दुसऱ्या कोणाचं तरी आहे आणि मला सांभाळायला दिलंय असं वाटायचं. जेवण घशाखाली उतरत नव्हतं. न्हाणीत पाण्याचा आवाज मोठा करून रडायचे. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की माझ्यावरच संशय येणार, हे माझ्यासारखीला वेगळं सांगावं लागत नाही.

पोर दोन महिन्यांचं झालं तेव्हा सासूनं ठरवलं, देवाला विचारायचं. तुला आपल्याकडची रीत ठाऊकच आहे. पाषाणाला ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न घालायचा, उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. सासूनं आधी वाडीतल्या एकीचं नाव घेतलं, डावी पडली. मग घरातल्या कोणा जुन्या चुलत्याचं, जो बिनलग्नाचा मेला होता. पुन्हा डावी. गुरव म्हणाला, "आणखी कोणाचा काय मागणा ऱ्हवलेला आसा काय? नाव सांगा." सगळी गप्प. पोर माझ्या खांद्यावर झोपलेलं, नेमकं तेव्हा. मला ती शांतता सोसेना. आता हे सगळे माझ्याकडे वळतील, असं मला वाटलं. आता कोणीतरी म्हणेल की पोराच्या आईचंच काहीतरी बघा. आणि मी म्हटलं, "माझी आवस." सासू वळून बघायला लागली. मी पुढे म्हटलं, "तिका रडणारा पोर खपत नाय होता." पाकळी पडली ती उजवी. मग काय! गुरवानं हात जोडले, "बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्या लेकराच्या आवशीच्या आवशीचो जो काय उपद्रव आसात, तो हयच्या हय दूर कर म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" पहिला नारळ ठेवला. तुझं जांभळ्या काठाचं पातळ, तुझं म्हणून माझ्याजवळ उरलेलं एकच, मी पोराला गुंडाळायला काढलं होतं. गुरव म्हणाला, मेल्या माणसाचं वस्त्र घरात नको. सासू म्हणाली, "बाय, देशीत मा?" मी स्वतःच्या हातानं दिलं. ते वहाळाच्या पाण्यात सोडलं.

दुसऱ्या दिवशी पोर रडलं. त्याच वेळी, तेवढंच. तिसऱ्या दिवशीही. सासू म्हणाली, थोडे दिवस लागतात. पण मी आता सगळे कल्ले उघडून बघितले होते. सासू नव्हे, मासळीवाली नव्हे, तूही नव्हेस. मग उरलं कोण? मी. माझ्यातच काहीतरी किडकं आहे आणि पोराला ते कळतं, माझ्या अंगाला लागलं की ते रडतं, असं माझं पक्कं झालं. मी नसले तर ते गप्प होईल. हा विचार यायचा तेव्हा मला वाईट वाटायचं नाही गं, बरं वाटायचं, ह्याचीच आता भीती वाटते.

चौथ्या दिवशी दुपारी चारला मी पोराला पाळण्यात ठेवलं, सासूला म्हटलं, जरा परड्यात जाऊन येते, आणि सरळ रस्त्यावर आले. कुठे जायचं ठरलं नव्हतं. पाय सवयीनं स्टॉपवर गेले आणि रोजची ओरोसची गाडी आली. कंडक्टर बाई ओळखीची. "काय मॅडम, इतक्यात जॉइन झालास? पोर केवढा झाला?" मला वाटलं, हिला सासूनं फोन केला. तिकीट मागितलं ते फक्त जाण्याचं. खिडकीशी बसले. अर्ध्या वाटेत दूध उतरलं, सगळा ब्लाऊज भिजला, पदर घेतला तर तोही भिजला. कंडक्टर बाई येऊन शेजारी बसली आणि आपला नॅपकिन माझ्या मांडीवर ठेवला. ओरोसला सगळे उतरले. मी बाकड्यावर बसून राहिले, कचेरी समोर, कर्मचाऱ्यांच्या क्वार्टर्समधून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, आणि मला एकही जागा सुचेना जिथे मी गेले तर कोणी विचारणार नाही, इथे का आलीस. तीच गाडी परत निघायला लागली तेव्हा ती बाई दारातून म्हणाली, "मॅडम, गाडी सुटता हां. चला, बसा." मी बसले. ती म्हणाली नसती तर? हा प्रश्न मी पुरा करत नाही.

घरी पोचले तर सासू पडवीत, पोर तिच्या खांद्यावर किंचाळतंय. मी मनात उत्तरं जुळवत होते. ती म्हणाली, "पाय धुव आणि घे. भुकेललो आसा तो." एवढंच. नवरा गाडी घेऊन मला शोधायला गेला होता. आला, पायरीवरच बसला, हेल्मेटही काढलं नाही, आणि हुंदके द्यायला लागला. एवढा बाप्या माणूस! म्हणाला, "मी पण असाच करतंय. रोज. धामापूरच्या तळ्यार गाडी थांबयतंय आणि तास-तासभर बसतंय. घराकडे येवक पाय उचलत नाय. पोर रडताला, तू रडतलंस, माझ्याच्यान बगवत नाय." मी दोन महिने त्याच्या खिशात बाई शोधत होते, आणि हा तळ्याच्या काठावर एकटा बसून रडत होता. मला हसू आलं, रडूही आलं. सासू आतून म्हणाली, "आवशीन व्हरल्यान तिका. नारळान भागला नाय दिसता." म्हणजे मी घर सोडलं तेही तुझ्याच खात्यावर गेलं, आणि मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा मला आणि पोराला उपकेंद्रात घेऊन गेला. तिथल्या नर्सबाई मालवणकडच्या ख्रिश्चन, वयानं मोठ्या, आवाज खणखणीत. पोराचं वजन केलं, पोट दाबून बघितलं, म्हणाल्या, "ह्येचा वजन बरा वाढता. हेका काय एक झालेला नाय." मग माझ्याकडे वळल्या. "तू जेवलंस काय?" मी म्हटलं, जेवले. "काय जेवलंस?" मला आठवेना. "पोराचा सगळ्यांनी इचारल्यानी. तुझा कोणी इचारल्यान काय?" मला तिचाही संशय आला, कबूल करते. ही हे सगळं कागदावर लिहून घेईल आणि पोर काढून घेतील. म्हणून तिनं पुढे जे विचारलं त्या सगळ्याला पहिल्यांदा नाही म्हटलं. ती पोराला आपल्या मांडीवर घेऊन पालथं घालून पाठ थोपटत बसली. मग मी बोलले. पाळण्यापाशी उभी असताना मनात काय यायचं तेसुद्धा बोलले. तिनं ना तोंड फिरवलं, ना देवाचं नाव घेतलं. "ह्या दुखणा आसा," म्हणाली, "तुझो सभाव नाय."

तिनं चिठ्ठी दिली ती ओरोसच्या दवाखान्याची, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तेच आपल्या शुद्ध मराठीत सांगितलं. बाळाचं ते रडणं बऱ्याच बाळांना होतं आणि बहुतेकदा संध्याकाळीच वाढतं. तीन-चार महिन्यांत आपसूक थांबतं. "पण बाळ रडतं म्हणून आई खचते, आणि खचलेल्या आईला तेच रडणं दुप्पट लागतं, बाळाला शांत करायला अंगात काही उरत नाही. दोन्ही दुखणी एकमेकांना धरून चालतात. ह्यात कोणी कोणाला केलेलं काही नसतं. आणि वडलांनाही होतं बरं का," असं म्हणून त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, तर तो चपलेकडे बघायला लागला. मी तीनदा विचारलं, गोळीनं दुधाला काही होणार नाही ना? तीनदा त्यांनी न चिडता सांगितलं की अंगावर पाजणाऱ्या आईला चालेल अशीच दिली आहे. घरी येऊन मी गोळीच्या पाकिटावरचं अक्षर न् अक्षर वाचलं, मगच घेतली. नवऱ्यानं तळ्यावर थांबणं सोडलं. संध्याकाळचा पहिला तास पोर त्याच्याकडे, मी मागच्या दाराशी बसून पेज प्यायची, असं त्या नर्सबाईंनीच ठरवून दिलं. हळूहळू मला पोराचा वास आवडायला लागला. चौथा महिना लागला आणि एका संध्याकाळी ते रडलंच नाही. सासूनं हात जोडले, "बगलंस? नारळ पावलो." कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी तसं. गोळीचं नाव कोणी घेतलं नाही, आणि तू त्रास देत होतीस हे कायमचं सिद्ध झालं.

डॉक्टरीणबाई बोलत होत्या तेव्हा माझ्यासमोर तू होतीस, आये. चुलीपुढे बसलेली, पोर चटईवर. मी दवाखान्याच्या खुर्चीत बसून मनात मोजत होते, अडीच महिने, दिवेलागण, मुठी, पोटाशी पाय. सगळं तेच. फक्त तुला कोणी विचारलं नव्हतं काय जेवलंस म्हणून. तू घर सोडून गेलीस तेव्हा तुझ्या मागे कोणी गाडी घेऊन निघालं नाही, आणि तू परत आलीस तेव्हा पडवीत मी होते, नऊ वर्षांची, तोंड वाकडं करून. तरी परत आलीस. मला विचारायचं होतं, कुठे बसली होतीस तितका वेळ? तुला कोण म्हणालं, चला, बसा? की कोणीच म्हणालं नाही आणि तू आपली आपणच उठलीस? मला आता वाटतं, खाजं तू परत येताना घेतलंस. हा माझा अंदाज, पुरावा काही नाही.

भावाला हे सगळं गावातून कळलं. त्यानं गोव्याहून फोन केला, "तुझ्या सासरच्यांनी माझ्या आवशीक भूत केल्यानी आणि तू गप ऱ्हवलंस?" मी गप्पच राहिले. त्यांनी नव्हे, मी केलं, एवढं सांगायला चार शब्द लागले असते. त्यानं फोन करणं सोडलं. आणि काल सासूनं नारळ सोलून देव्हाऱ्याशी ठेवला, म्हणाली, "परवा सकाळीच न्हावन तयार ऱ्हव." मी म्हटलं, "ता नाव मी उगीच घेतलेलंय. आवशीचो काय संबंध नाय होतो. माका दुखणा होता." ती खोबरं किसत होती, थांबली नाही. म्हणाली, "पोर बरा झाला मा? मगे जुना कित्याक उकरतंस? देवाच्या दारात घेतलेला नाव असा पुसूक येणा नाय." मग थोड्या वेळानं किसणी बाजूला ठेवून म्हणाली, "बोलाचा तर थयसर बोल. सगळ्यांसमोर. माका सांगान काय उपेग?" ती रागानं म्हणाली की मला वाट दाखवली, हे माझ्यासारख्या संशयी बाईला रात्रभर कळलं नाही.

म्हणून उद्या बोलायचं ठरवलं आहे. गुरव गाऱ्हाण्याला उभा राहिला की तुझं नाव यायच्या आधी म्हणायचं: थांबा, नाव मी घेतलं होतं. मी आजारी होते, पोराच्या पोटात वारा होता. माझी आई तिथे नव्हती. सकाळपासून हेच घोकते आहे, भांडी घासताना, पोराला भरवताना. पहिली दोन वाक्यं तोंडात बसली. तिसऱ्याशी अडते. लाजेनं नव्हे, लोकांच्या भीतीनंही नव्हे. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, तेव्हा खरं सांगते. बाळंतपणात दुसऱ्या बायकांच्या आया येतात, महिना-महिना राहतात. माझ्या दारात कोणी आलं नाही. घरातली माणसं कुजबुजायला लागली की तिन्हीसांजेला कोणीतरी येतं, तेव्हा मी भ्याले, पण भिण्याच्या आधी एकदा, तू आलीस की काय म्हणून, वळून दाराकडे बघितलं होतं. तू तिथे नव्हतीस, हे उद्या मी चारचौघांत सांगेन. सांगितलं की मग तू आलीच नव्हतीस.